पांढरी कुत्री कुणाची?

उळवीला दर्शन घेऊन दुपारपर्यंत परत येतो, असं सांगून ते जोडपं सकाळी गाडी घेऊन गेलं आणि जाताना आपली कुत्री गोठ्याजवळच्या फणसाच्या झाडाला बांधून गेलं. देवळात कुत्रं कसं न्यायचं, हे मनीषाला पटलं होतं. पण दुपार टळली, गुरं घरी आली, तरी गाडीचा आवाज नाही.

नंदिगड्ड्यापासून आत, जंगलाच्या कडेला, मनीषा आणि तिचा नवरा विनायक यांनी घराशेजारी दोन खोल्या बांधून पाहुणे ठेवायला सुरुवात केली होती. त्याला जेमतेम एक हंगाम झाला होता. हे जोडपं हुबळीचं, विनायकच्या ओळखीतल्या कुणीतरी पाठवलेलं. रात्री मुक्काम केला, कणग्याच्या कंदांची भाजी आवडीनं खाल्ली, बाई तर कुत्रीला कुशीत घेऊन पायरीवर बराच वेळ बसली होती.

संध्याकाळी मनीषानं त्यांची खोली उघडली. पलंगावर काही नाही. न्हाणीत साबणाचा तुकडासुद्धा नाही. ओसरीवर मात्र कुत्रीचं खाणं भरलेलं पोतं, तिची पितळी वाटी आणि एक घडी घातलेलं जुनं पांघरूण नीट मांडून ठेवलं होतं.

“हे लोक येणार न्हाईत,” ती विनायकला म्हणाली.

“गाडी बिघडली असंल.”

“मग फोन का बंद हाय?”

घरात रेंज नसायची. रस्त्याच्या वरच्या चढावर उभं राहिलं की मिळायची. तो चढावर जाऊन आला होता आणि फोन बंद असल्याचं त्यानंच सांगितलं होतं. मनीषाच्या लक्षात आलं की तो फारसा गोंधळलेला दिसत नव्हता.

कुत्री सगळ्यांनाच विचित्र वाटली. नंदिगड्ड्यात कुत्री काय कमी होती? पण हिचं डोकं अंड्यासारखं होतं. कपाळापासून नाकापर्यंत कुठं खाच नाही, खळगा नाही, सरळ एक उतार. डोळे बारीक, तिकोनी, आत बसलेले. छाती रुंद, मान जाड, सगळं अंग पांढरं आणि एक कान तेवढा काळा. बाई तिला रूबी म्हणायची. मनीषानं रूबी, रूबी अशा हाका मारल्या, पण कुत्रीनं मान वळवली नाही. नाव खोटं सांगितलं की काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं. माणसांनी आपली नावं तरी खरी सांगितली होती का, कुणास ठाऊक. कुत्री भुंकतही नव्हती. समोर जाऊन उभं राहिलं की टक लावून बघायची, आणि ते बारीक डोळे हलायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी मनीषा चढावर गेली आणि तिनं फोनवर कुत्रीचा फोटो टाकून शोधलं. बुल टेरियर. मग तिथंच दगडावर बसून ती वाचत राहिली. इंग्लंडात पूर्वी बैलाला खुंट्याला बांधून त्याच्यावर कुत्री सोडायचे. त्या खेळासाठी बुलडॉग घडवला गेला. ठेंगणा, कारण बैलाच्या शिंगांखालून घुसायचं. खालचा जबडा पुढं, कारण बैलाचं नाक एकदा पकडलं की सुटू द्यायचं नाही. नाक मागं, म्हणजे दात रुतलेले असतानाही श्वास घेता यावा, असं म्हणतात. पुढं कायद्यानं तो खेळ बंद झाला. मग लोकांनी बुलडॉग आणि चपळ टेरियर या दोन जातींचा संकर केला आणि कुत्र्याला कुत्र्याशी झुंजवू लागले. बुलडॉग पुढं घरात घोरत पडणारा, जिना चढला तरी धापा टाकणारा झाला. पण त्या झुंजीच्या वंशातून कुणीतरी हा लांब तोंडाचा, पांढरा बुल टेरियर काढला.

तिनं घरी येऊन सासऱ्यांना, उमाजींना सांगितलं. ते गोठ्याशी वैरण टाकत होते. त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली.

“म्हंजे बैलाच्या नाकाला धरायला जल्माला घातलेली जात ही? आनी आमी तिला गोठ्याजवळ बांधलाव?”

“पुढं माणसांवर माया करती असंबी लिवलंय, मामा.”

“लिवणाऱ्याचं काय जातंय?”

त्यांनी स्वतः दोरी सोडली आणि कुत्रीला ओसरीच्या खांबाला आणून बांधलं. ती मुकाट्यानं गेली.

आणि त्याच ओसरीवर ती उमाजींना चावली. ती ऊन खात झोपली होती. उमाजी मागून आले, ऊठ ऊठ म्हणाले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. कुत्री उसळली, गर्रकन फिरली आणि त्यांची दोन बोटं तिच्या दातांत आली. लगेच सोडलं तिनं. सोडून कोपऱ्यात जाऊन अंग चोरून बसली. पण बोटांतून रक्त ठिबकत होतं, आणि मनीषानं हे सगळं सैपाकघराच्या दारातून पाहिलं होतं. म्हाताऱ्या माणसानं प्रेमानं हात लावला, दोन हाका देऊन उठवलं, आणि हे जनावर त्याला चावलं. म्हणजे झोपेचं सोंग घेऊन टपून बसलं होतं, असंच तिला वाटलं.

विनायकनं मोटरसायकलवरून उमाजींना जोयड्याच्या दवाखान्यात नेलं. सुई झाली, पुढच्या सुयांच्या तारखा मिळाल्या, आणि कुत्रीला काही दिवस बांधून नजरेखाली ठेवा, मारू नका, सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. गावात तोवर बातमी गेली होती. जो तो येऊन लांबून कुत्री बघून जात होता.

“हिला कवा घालवणार तुमी?” मनीषानं विनायकला विचारलं.

“व्यवस्था केलीया. रामनगरला येसाजी म्हणून एक माणूस हाय. तो न्हेतो म्हणालाय. चार दिवस दम काढ.”

“कोण येसाजी? तुमची कशी वळख?”

“लखूची वळख हाय.”

लखू म्हणजे विनायकचा शाळेतला मित्र. रामनगरहून गोव्याला टेम्पो चालवायचा. हुबळीच्या जोडप्याला कुणी पाठवलं होतं, हे मनीषानं तेव्हा विचारलं नव्हतं. आता तिला विचारायचीही गरज वाटली नाही. पाहुणे आणले लखूनं, आणि गिऱ्हाईकही आणतोय लखूच. मग विनायक पहिल्या संध्याकाळी गोंधळलेला का दिसला नाही, हे तिच्या मनात टोचत राहिलं. तो चढावर फोन करायला गेला की ती शेणकुटं आणण्याच्या निमित्तानं तिकडं जायची. ती दिसली की तो बोलणं आवरतं घ्यायचा.

त्यानंतर झिलूचं वासरू मेलं.

झिलूचं घर ओढ्यापलीकडं. सकाळी उजाडताना वासरू गोठ्यात नव्हतं आणि थोड्या वेळानं ते ओढ्याच्या काठावर, कारवीच्या झुडपांत सापडलं. गळा फाटलेला, मागची मांडी खाल्लेली. त्याच सकाळी मनीषा ओसरीवर आली तर खांबाला दोरीचा कुरतडलेला तुकडा लटकत होता. कुत्री मात्र जवळच, पायरीखाली होती. तिच्या पांढऱ्या छातीवर रक्त होतं.

झिलू आला तो पाच-सहा जणांना घेऊनच. हातात कोयता.

“उमाजीदा, बाजूला व्हा. मी सोताच्या डोळ्यानं बघितलो तिचं थोबाड. अजून वाळलंबी न्हाई रगात.”

“झिल्या, जरा थांब,” उमाजी म्हणाले.

“काय थांब म्हणतंस? तुज्या बोटाला चावली तवा थांबलास. आज माजं वासरू. उद्या कुणाचं प्वार?”

विनायक मध्ये पडला, तशी झिलूनं त्याला ढकललं आणि रागाच्या भरात कोयत्याचा उलटा घाव गोठ्याच्या पत्र्यावर घातला. कानठळ्या बसल्या. कोंबड्या उधळल्या, गाय दावं ओढू लागली, मनीषानं स्वतः कानांवर हात नेले. आणि तिची नजर कुत्रीवर गेली. कुत्री त्यांच्याकडं पाठ करून पंजा चाटत होती. तिचा कानसुद्धा हलला नव्हता.

किती निगरगट्ट आहे ही, असं मनीषाला आधी वाटलं. मग वाटलं, असं कसं होईल? निगरगट्ट असली तरी जनावर दचकणार नाही का?

झिलूनं पत्र्यावर परत एकदा कोयता आपटला. कुत्री चाटत राहिली.

मनीषा पुढं झाली, दोरीचं टोक धरलं आणि कुत्रीला ओढत पाहुण्यांच्या खोलीत नेऊन बाहेरून कडी घातली. कुत्री वाटेत एकदा तिच्या पायाला घासली, तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. पण ती दारासमोर उभी राहिली.

“जंगलवाल्यांना बोलवा,” ती म्हणाली. “जनावरांच्या डॉक्टरबाईला बी बोलवा. त्यांनी कुत्रीचं नाव घेतलं तर मीच दार उघडून देतो. त्याआधी न्हाई.”

“तुजा काय जीव अडकलाय तिच्यात?” झिलूनं विचारलं.

“जीव न्हाई अडकला. मला तर ती डोळ्यासमोर नको झालीय. पर खरं काय ते कळू दे.”

नुकसानभरपाई मिळवायची तर पंचनामा लागणारच होता, म्हणून झिलू कुरकुरत थांबला. दुपारी वनखात्याचा वासू नावाचा राखणदार आणि जोयड्याहून पशुवैद्य रक्षिता आल्या. रक्षिता सिरसीकडच्या, वयानं मनीषापेक्षा लहान. कन्नड वळणाचं मराठी बोलायच्या. त्यांनी ओढ्याकाठी बसून वासराची मान उलटसुलट करून पाहिली. गळ्यावर सुळ्यांची खोल भोकं होती. गोठ्यापासून ओढ्यापर्यंत वासरू ओढत नेल्याची खूण होती, आणि वाटेतल्या चिखलात पंजा उमटला होता. त्यात नखं दिसत नव्हती.

“बिबट्या,” वासू म्हणाला. “कुत्र्याची नखं चिखलात दिसतात की.”

“मग तिच्या अंगावरचं रगात कुठलं?” झिलूनं विचारलं.

खोलीचं दार उघडलं गेलं. रक्षितांनी कुत्रीला समोरून हात दाखवला, वास घेऊ दिला आणि मगच तिचं तोंड धरलं. काळ्या कानाचा पाळा कुंपणाच्या तारेत अडकून फाटला होता. रक्त तिथूनच छातीवर आलं होतं.

“पांढऱ्या अंगावर थेंबभर सांडलं तरी वाटीभर दिसतं,” त्या म्हणाल्या.

झिलू कोयता कमरेला अडकवून, कुणाकडं न बघता ओढ्याकडं निघून गेला.

“डॉक्टरबाई, एक विचारू?” मनीषा म्हणाली. तिनं पत्र्याचा प्रकार सांगितला.

रक्षिता कुत्रीच्या मागं गेल्या आणि डोक्याच्या वर जोरात टाळी वाजवली. मग चाव्यांचा जुडगा खुळखुळवला. मग शिट्टी मारली. कुत्री समोर मनीषाकडं बघत होती, तशीच बघत राहिली.

“हिला ऐकू येत नाही, अक्का. दोन्ही कानांनी. पांढऱ्या बुल टेरियरमध्ये पुष्कळ आढळतं हे. रंगाबरोबर येतं.”

“म्हंजे मामांनी हाक मारली ती...”

“तिला कळलीच नसणार. झोपेत एकदम पाठीवर कुणाचा तरी हात पडला. तुम्हीसुद्धा दचकला असता.” मग त्यांनी कुत्रीचं पोट चाचपलं, सड पाहिले. “पिल्लं काढलीत हिच्याकडून, बऱ्याच वेळा. असं कुत्रं खरं तर पैदाशीला वापरू नये. पिल्लंही बहिरी होतात. विकली जात नाहीत. मग आईचा काय उपयोग?”

मनीषाला ती बाई आठवली, पायरीवर कुत्रीला कुशीत घेऊन बसलेली. त्या बाईला काय सांगितलं होतं आणि कुणी, हे तिला कळेना. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “असल्या कुत्रीला कोण न्हेईल, डॉक्टरबाई?”

रक्षितांनी वर पाहिलं. “कोण नेतंय?”

विनायक शेजारीच उभा होता. मनीषानं त्याच्याकडं न बघता सांगितलं, “एक माणूस येणार हाय रामनगरचा.”

“कशासाठी हवी ते नीट विचारून घ्या,” रक्षिता म्हणाल्या आणि आपला नंबर देऊन गेल्या.

येसाजी शुक्रवारी सकाळी पिकअप घेऊन आला. धुतलेला पांढरा शर्ट, गळ्यात बारीक साखळी, हातात मिठाईचा डबा. उमाजींच्या पाया पडला. मनीषाला वहिनी म्हणाला. घराचं, आवाराचं, चहाचं, सगळ्याचं कौतुक केलं. मनीषा त्याचे डोळे बघत होती. कौतुक करताना ते कुत्रीवरून हटत नव्हते.

“कशाला पायजे तुमाला?” तिनं विचारलं.

“राखणीला वो. माजं खानापूरकडं शेत हाय. चोरांचा लय तरास.” तो कुत्रीसमोर बसला. हात डोक्यावर नेला नाही, थेट जबडा धरला, ओठ वर करून दात पाहिले, मग मान दोन्ही हातांनी दाबून पाहिली. “धरती कशी? एकदा धरल्यावर सोडती काय?”

“मामांना धरून सोडली लगेच.”

येसाजी हसला. “म्हाताऱ्या माणसाला वळखली असणार.”

पिकअपच्या मागं ताडपत्री बांधलेली होती. तिच्याखाली काहीतरी हललं. घोगरा, दबका आवाज आला आणि बंद झाला. रूबीला तो ऐकू गेला नसणार, पण तिनं नाक वर केलं, आणि मागं मागं सरकत मनीषाच्या पायांशी येऊन थांबली.

मनीषानं चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, “तुमाला आधीच सांगतो, नंतर बोल नको. ही बहिरी हाय. ठार बहिरी. चोर आला, दार फोडला, तरी उठायची न्हाई. भुंकत बी न्हाई.”

विनायक चमकला. हे ऐकून माणूस परत जाईल, असंच त्याला वाटलं असावं. येसाजीच्या चेहऱ्यावर मात्र काहीच फरक पडला नाही. उलट त्यानं चहाचा घोट घेतला आणि मान डोलावली.

“मग तर बरंच हाय की वहिनी. माणसं किती का आरडेनात, बिचकायची न्हाई.”

उमाजींनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. आपण काय बोललो हे येसाजीच्याही ध्यानात आलं असावं, कारण तो घाईघाईनं शेतावरच्या ट्रॅक्टरचं, बायकांच्या भांडणांचं काहीतरी सांगू लागला. मनीषा पायरी उतरली, चालत पिकअपपाशी गेली आणि ताडपत्रीचा कोपरा वर केला.

आत फळ्यांचा पिंजरा होता. पिंजऱ्यात एक तपकिरी कुत्रा. त्याचे दोन्ही कान मुळापासून कापलेले, तोंडभर जुन्या-नव्या जखमा, एक डोळा मिटलेला. तो मनीषाकडं बघून शेपूट हलवू लागला.

“ओ वहिनी, हात नका घालू!” येसाजी धावत आला आणि त्यानं ताडपत्री खाली ओढली. “डुकरानं फाडलंय त्याला. दवाखान्यात न्हेतोय.”

“दवाखाना जोयड्याला हाय. तुमी तर उलट्या वाटंनं आलाय.”

“विनायक,” येसाजी म्हणाला. आवाजातला गोडवा गेला होता. “लखूनं शब्द दिलाय तुज्या वतीनं. कुत्री आन.”

विनायक खांबाजवळ गेला. दोरीला हात घातला. मनीषाला वाटलं, आता हा देणार. तेवढ्यात उमाजी बाकावरून उठले, पट्टी बांधलेला हात त्यांनी दोरीवर ठेवला.

“ही चावलीय मला. सरकारी डाक्टरनं नजरेखाली ठेवायला सांगितलंय. दवाखान्यात नोंद हाय. उद्या इचारत आले आन् कुत्री न्हाई म्हटल्यावर तुजंच नाव सांगावं लागंल. गाडीचा नंबर बी.”

येसाजीनं तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मिठाईचा डबा ओसरीवरून उचलून घेतला आणि गाडीत बसला.

धूळ खाली बसल्यावर मनीषा विनायकला म्हणाली, “आता सांगा.”

तो पायरीवर बसला. नखानं लाकूड खरवडत त्यानं सांगितलं. पाहुणे परत येणार नाहीत, हे लखूनं त्याला पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं. हुबळीच्या त्या लोकांना कुत्री नको होती, लखूनं त्यांना एका शेतावर चांगली सोय करतो म्हणून इकडं पाठवलं होतं, आणि येसाजी रिकामा होईपर्यंत ती इथं ठेवायची, एवढंच ठरलं होतं.

“झुंजीचं मला म्हाईत न्हवतं, मनी. शपथ घेतो. रानडुकरं हाकलायला न्हेत असंल, असं वाटलं मला.”

“मग लपवलासा कशाला?”

“तू नको म्हटली असतीस.”

“व्हय. म्हटली असती.”

त्याच्यावर विश्वास ठेवावा असं तिला वाटत होतं, आणि ठेवता येत नव्हता. तिनं चढावर जाऊन रक्षितांना फोन केला. रक्षितांनी बेळगावच्या प्राणी वाचवणाऱ्या मंडळींना कळवलं आणि पोलिसांत सांगायला माणूस लागेल, असंही म्हणाल्या. ते मनीषाकडून ऐकून विनायक दुसऱ्या दिवशी एकटाच मोटरसायकल घेऊन बाहेर पडला. संध्याकाळी परत आला तेव्हा म्हणाला, सगळं सांगून आलो, लखूचं नावसुद्धा. मनीषानं त्याला जेवायला वाढलं. खरं-खोटं तिनं विचारलं नाही, पण तिच्या मनात होतंच की हा वाटेत कुठंतरी बसून आला असेल.

दोन दिवसांनी पोलिसांची गाडी दारात आली. हवालदारानं लखूच्या घराच्या खुणा विचारल्या, येसाजीनं कुत्रीची मान कशी दाबली ते विचारलं. मनीषानं रक्षितांना यातलं काही सांगितलं नव्हतं. विनायकनं सांगितल्याशिवाय हे त्यांना कळणं शक्यच नव्हतं. हवालदार बोलत असताना मनीषानं नवऱ्याकडं पाहिलं. तो खाली बघत होता.

रामनगरच्या बाहेर एका बंद पडलेल्या वीटभट्टीमागं फळ्यांनी वेढलेला खड्डा सापडला. चार कुत्रीही सापडली. येसाजी मात्र आधीच पसार झाला होता, आणि तपकिरी कुत्रा त्या चारांत नव्हता. लखू विनायकशी बोलेनासा झाला. त्याची आई बाजारात मनीषाला बघून तोंड फिरवायची.

हुबळीचा फोन कधीच लागला नाही. उमाजींच्या सुया संपल्या. त्यांनी कुत्रीला शिकवायला सुरुवात केली, म्हणजे निदान ते तसं म्हणायचे. पाय जमिनीवर आपटला की ती बघायची, हात वर केला की जवळ यायची. मनीषानं पाहुण्यांच्या खोलीबाहेर पाटी लावली, की झोपलेल्या कुत्रीला हात लावू नये. झिलू ओढा ओलांडून यायचा तो अजूनही काठी घेऊनच यायचा, आणि कुत्री जिथं असेल तिथून लांबून वळसा घालायचा. वासराची भरपाई मिळाली तेव्हा तो सांगायला आला, चहा प्यायला आणि जाताना म्हणाला, “बिबट्या असंल, मी न्हाई म्हणत न्हाई. पर हिच्या डोळ्यांचा मला भरवसा न्हाई.”

माघात उळवीची जत्रा भरली आणि दोन्ही खोल्या भरल्या. त्या गर्दीतच रक्षितांचा निरोप आला की रूबीचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून घ्यायचं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी घेऊन या. मनीषाला पाहुण्यांचं जेवण सोडून जाता येईना. विनायक म्हणाला, मी नेतो. त्यानं शेजारची रिक्षा ठरवली, हुबळीच्या बाईनं ठेवलेलं पांघरूण मांडीवर पसरलं आणि कुत्रीला दोन्ही हातांनी उचलून घेतलं. ती वजनाला जड होती. ती त्याच्या दंडावर हनुवटी टेकून, बाहेर जाणारी जत्रेची गर्दी बघत बसली. रिक्षावाल्यानं आरशातून तिच्याकडं पाहिलं आणि आपली सीट थोडी पुढं सरकवली.

“चावत न्हाई न्हवं?” त्यानं विचारलं.

“न्हाई,” विनायक म्हणाला. “चल तू.”